आकड्याला नाव हवे



२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी याच बंगळूर शहरातील इस्रोच्या नियंत्रण केंद्राकडे साऱ्या देशाचे डोळे लागले होते. चांद्रयान-३ चे 'विक्रम' लँडर चंद्राकडे उतरत होते. पडद्यावरील आकडे भराभर पालटत होते. पण आकड्याशेजारी त्याचे नाव होते : उंची, आडवा वेग, उभा वेग. म्हणूनच सामान्य माणसालाही ते दृश्य उमगले. क्षणभर कल्पना करा, की ही नावे पुसली गेली आहेत. मग नुसत्या आकड्यांवरून तज्ज्ञाला तरी खात्रीने काय सांगता आले असते?

संगणकाची आज्ञावली लिहिणारे आपण मात्र ही नावे स्वतःच्या हाताने पुसतो. चूक सापडेना, की एका चलाची किंमत छापून पाहतो, मग दुसऱ्याची. थोड्या वेळाने पडद्यावर ०, १७, ० अशी रांग उभी राहते. यातील कोणते शून्य कशाचे? 'मला आठवते ना!' असे आपण म्हणतो. परंतु दोष शोधताना खरी संशयित असते ती आपली समजूतच. जिच्यावर संशय, तिचीच साक्ष ग्राह्य कशी धरावी? म्हणून किमतीबरोबर चलाचे नावही छापावे : 'शिल्लक = ०'.

हे नाव हाताने लिहिले तर तेथेही चूक शिरू शकते. चल बदलतो आणि नाव जुनेच राहते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या पायथन ३.८ या आवृत्तीत यावर सोय झाली. एफ हे अक्षर आधी लावलेल्या मजकुरात, महिरपी कंसात, चलाच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह दिले, की नाव व किंमत दोन्ही एकदम उमटतात.

नावाबरोबर एककही हवे. १९९९ साली अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी पोहोचताच गमावले गेले. पृथ्वीवरील एका आज्ञावलीने आवेगाची किंमत पौंड-बल-सेकंदांत दिली होती. दुसरीने ती न्यूटन-सेकंदांत आहे असे धरून गणित केले. या दोन मापांत सुमारे साडेचार पटींचे अंतर आहे.

आज रात्री तुम्ही छापलेली रांग उद्या सकाळी कदाचित तुमचा सहकारी वाचील, आणि विचारायला तुम्ही जवळ नसाल. त्याच्यासाठी एक शब्द अधिक छापण्याचा आळस करू नका.