मेला की नुसता भडकला?

आजची गोष्ट अशा एका ताऱ्याची, ज्याच्या मरणाची बातमी तो मरायच्या आधीच आली.

ऑगस्ट २००९. दक्षिणमत्स्य तारकासमूहात एनजीसी ७२५९ नावाची दीर्घिका आहे, सात कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. तिच्यात एक ठिपका अचानक उजळला. सुपरनोव्हा समजून नावही देऊन टाकलं: एसएन २००९आयपी. मग वर्णपट तपासला, तर तारा फुटलेलाच नव्हता! सूर्याच्या पन्नासपट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाचा तो राक्षस स्वतःचेच थर बाहेर फेकत होता. असल्यांना तोतया सुपरनोव्हा म्हणतात.

२०१२मध्ये तो परत उजळला. सप्टेंबरमध्ये सेकंदाला १३,००० किलोमीटर वेगाने सुटलेला वायू दिसला, आणि महिनाअखेरीस तर तो असा भडकला की आधीचे उद्रेक फिके पडले. या वेळी खरंच गेला का?

मी तेव्हा कॉलेजात होते. ग्रुपची दहा इंची दुर्बीण तयार, पण डोक्यावर परतीचा पाऊस. ढग हटले तर पौर्णिमा. शेवटी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आकाश मोकळं झालं. ठिपका चौदाव्या प्रतीच्या आसपासचा, डोळ्यांनी दिसणं कठीण, म्हणून कॅमेरा लावला.

स्क्रीनवर ठिपका दिसला आणि मी ओरडलेच, "सापडला!" पोस्टसुद्धा लिहायला घेतली. ग्रुपमधला दादा म्हणाला, "आधी जुना फोटो शेजारी लाव." लावला. माझा ठिपका त्यातही होता! आपल्याच आकाशगंगेतला एक साधा तारा. खरा पाहुणा जरा बाजूला होता, जुन्या फोटोत अजिबात नसलेला. पोस्ट गुपचूप खोडली.

गंमत म्हणजे या ताऱ्याचा निकालही जुन्या फोटोनेच लागला. हबलने १९९९मध्ये, म्हणजे सगळ्या गडबडीआधी, त्याला टिपलं होतं. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हबलच्याच नव्या फोटोंशी तुलना झाली, आणि तारा तेव्हापेक्षाही फिका निघाला. म्हणजे २०१२चा तो भडका बहुधा शेवटचाच होता.

तारा भडकला म्हणून मेला असं होत नाही. ते कळतं तो विझल्यावर, आणि त्यासाठी दहा वर्षं थांबावं लागतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी दक्षिणेला बघा. फोमलहॉट हा एकटा ठळक तारा दिसेल. त्याच्या जरा पश्चिमेला ती जागा आहे. तिथे नुसत्या डोळ्यांनी काही दिसणार नाही. तरी बघा.

भेटू पुढच्या भागात!