प्राण आणि जीवन

(राजूर, जि. जालना येथे अंगारकी चतुर्थीच्या पदयात्रेत सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या भाषेने ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हटले आणि पाण्यासाठी ‘जीवन’ हा शब्द वापरला. प्राण आणि जीवन असे दोन शब्द असले तरी अर्थ जवळजवळ एकच. आजच्या विषयाचे सारे सार या दोन शब्दांत आले आहे. शरीरातही ही दोन तत्त्वे वेगळी राहत नाहीत. एक घटले की दुसऱ्याची वाट अडते.

मी वैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर, आयुष्य वृत्तपत्रांत गेलेला माणूस. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला, कारण राजूरच्याच वाटेवर माझ्या हातून एक चूक घडली आहे.

१९ एप्रिल २०२२ ची अंगारकी. साथीच्या निर्बंधांनंतर वाट पुन्हा फुलली होती. आमच्यासोबत साठी ओलांडलेले एक शेतकरी गृहस्थ होते. निर्जळी उपवास, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी सकाळीच घेतलेली. उन्हे चढल्यावर त्यांना गरगरू लागले. माझ्या पिशवीत साथीच्या दिवसांपासूनचे ऑक्सिमीटर होते. त्यांच्या बोटाला लावले. आकडा आला ९७. मी मोठ्या विश्वासाने म्हणालो, “काका, ऑक्सिजन उत्तम आहे. राजुरेश्वराचे नाव घ्या आणि चला.” ते चालले आणि थोड्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला कोसळले. डॉक्टरांनी सलाइन लावले, गजाननाच्या कृपेने ते वाचले. डॉक्टर मला एवढेच म्हणाले, “आकडा खरा होता, तुम्ही प्रश्न चुकीचा विचारलात.”

त्या वाक्याचा अर्थ समजून घेण्यात माझे पुढचे काही महिने गेले. तो अर्थ आज आपल्यासमोर ठेवतो.

मराठवाड्याला टँकर समजावून सांगण्याची गरज नाही. २०१२-१३ चा दुष्काळ जालन्याने सोसला आहे. समजा, गावाला येणारा प्रत्येक टँकर ९७ टक्के भरलेला आहे. तेवढ्याने गावाची तहान भागेल काय? टँकर एकूण किती, आणि ते वेळेवर पोहोचतात का, हेही पाहावे लागेल. रक्ताचे तसेच आहे. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो फुप्फुसांतून रक्तात येतो आणि तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन त्याचे ओझे उचलते. हे हिमोग्लोबिन म्हणजे आपले टँकर. ते किती टक्के भरले आहेत, एवढेच ऑक्सिमीटर सांगते. टँकर किती आहेत आणि रस्ता वाहता आहे का, हे त्याला ठाऊक नसते.

तो रस्ता पाण्याचा आहे. प्रौढ शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणी असतो आणि रक्तातील द्रवाचा तर नव्वद टक्क्यांहून अधिक. उन्हात भरभर चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाभरात लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. पाणी घटले की रक्ताचे आकारमान घटते, रक्तदाब उतरतो, हृदयाला अधिक धडधडावे लागते. फुप्फुसे धडधाकट, टँकर भरलेले. परंतु मेंदूपर्यंत पुरवठा अपुरा. त्या काकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली ती यामुळे.

टँकरच कमी असण्याची व्यथा मात्र आपल्या घराघरांत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा भगिनीच्या बोटाला यंत्र लावले तर आकडा ९८ सुद्धा येईल; पण गडावरच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागेल. आपण म्हणतो, ‘सवय नाही’. बंधूंनो, ती सवयीची उणीव नसून रक्ताची असू शकते. घरात सर्वांच्या शेवटी जेवणारी आणि सर्वांत अधिक उपवास करणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तिची हिमोग्लोबिनची तपासणी करून घेणे, तिच्या ताटात पालेभाजी, कडधान्य आणि वर लिंबाची फोड असणे, जेवणाला लागून चहा न घेणे, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण करणे ही कुटुंबाची जबाबदारी आहे.

याचा अर्थ ऑक्सिमीटर निरुपयोगी, असा मुळीच नाही. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात शोधलेल्या या तत्त्वाने असंख्य प्राण वाचविले आहेत. साथीत आपण घरोघरी सहा मिनिटे चालून आकडा पाहत होतो. निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. तो ९४ च्या खाली राहू लागला तर डॉक्टरांना गाठलेच पाहिजे. बोटे गार असतील किंवा नखांना रंग असेल तर आकडा चुकू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. प्राणवायूचे मोल महाराष्ट्राने २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकमध्ये फार कठोरपणे अनुभवले. महापालिका रुग्णालयातील टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. तो दिवस विसरता येत नाही.

पाण्याच्या बाजूची कथा मात्र आशेची आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतात आले. सीमेवरील बनगावच्या छावणीत पटकीने माणसे मरत होती आणि सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. नातेवाइकांनीच ते पाजले. ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांच्या सोबतीने आत शिरतात आणि पाण्याला मागे ओढून नेतात, एवढेच यामागचे रहस्य. २०२२ मध्ये ते निवर्तले; २०२३ साली देशाने त्यांचा मरणोत्तर पद्मविभूषणने गौरव केला.

म्हणून आपल्या पाणपोईवर नुसते पाणी नको, जलसंजीवनीची पाकिटे हवीत. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ कमी चालेल, अधिक नको. बाजारातील गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे.

नुसते पाणी ढोसत राहणेही घातक ठरू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम कमी आढळले. वाटेत अति पाणी पिणे हे त्याचे मुख्य कारण होते. तहान लागेल तसे, घोटाघोटाने प्यावे. लघवी फिकट पिवळी असावी. गडद झाली तर शरीर पाणी मागते आहे, असे समजावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र किती प्यावे, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

उपवासाविषयी मी श्रद्धेनेच बोलतो, कारण मीही तो करतो. लिंबूपाण्यात शेंदेलोण घातल्याने आपला उपवास मोडत नाही. वृद्ध, गरोदर भगिनी, मधुमेही आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांनी निर्जळीचा हट्ट धरू नये. गोळीची मात्रा आणि वेळ निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावी, मनाने बंद करू नये.

शेवटी, वाटेवर कुणी डगमगला तर प्रथम सावली द्या, पाय थोडे उंच करा, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. अंग तापून बरळू लागला, झटके आले, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तत्काळ १०८ ला कळवा.

यंत्राचा आकडा जरूर पाहा. पण आधी माणसाच्या तोंडाकडे पाहा. ओठ कोरडे आहेत का? लघवी केव्हा झाली? सकाळपासून पोटात काय गेले? गोळी कोणती घेतली? हे चार प्रश्न मी त्या दिवशी विचारले असते, तर काकांना रस्त्यावर पडावे लागले नसते. येत्या अंगारकीला ते आपण सर्वांनी विचारावेत, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.