डोळ्यातल्या जेलीचं मोजमाप

मी चंडीगडजवळच्या पिंजौरहून बोलतोय. सगळी नोकरी तोफखान्यात गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय मन मानत नाही. गेल्या वर्षी उजव्या डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले, कडेला वीज चमकल्यासारखं होऊ लागलं. तपासणीत दृष्टिपटलाला बारीक चीर निघाली. त्याच दिवशी लेझर झालं, नजर वाचली. तेव्हापासून या विषयाचं वाचन चालू आहे.

शाळेत आपण 'काचाभ द्रव' शिकलो. प्रत्यक्षात ती जेली आहे. जेमतेम ४ मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही. त्यात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी. उरलेल्यात कोलॅजेनचे अतिबारीक धागे आणि पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक आम्ल.

खरवसाची वडी हलवा, थरथरून पूर्वपदावर येते. मध हलवा, वाहतो, परत येत नाही. आपली जेली थोडं थोडं दोन्ही करते. किती, ते मोजायला ऱ्हिऑमीटर वापरतात. दोन चकत्यांमध्ये नमुना ठेवून एक चकती किंचित मागेपुढे फिरवायची आणि किती जोर परत मिळतो, किती वाया जातो, ते पाहायचं.

अडचण अशी, की बाहेर काढलेली जेली बदलते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकच्या संशोधकांनी गाईगुरांच्या डोळ्यांवर मोजमाप केलं. सुरुवातीला ताठपणा सुमारे ३० पास्कल होता. तासाभरात तो ७ वर आला. कापल्यावर आतला द्रव झिरपतो आणि धाग्यांवरचा ताण सैल पडतो. रबराचा आकडा लाखांत जातो, यावरून ही जेली किती नाजूक ते समजा. म्हणून आता डोळा न कापता, नजर फिरवताना जेली कशी हलते ते सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये पाहून अंदाज बांधतात.

हा खटाटोप कशासाठी? वयानुसार जेलीत पाण्याचे खळगे होतात. मग नजर वळवली की ती जास्त हिंदकळते, दृष्टिपटलापासून सुटू लागते. जिथे घट्ट चिकटलेली असते तिथे ओढ बसते, चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत शिरलं की पटल सुटतं. ही ओढ किती, ते मोजमापाशिवाय कळणार नाही.

दुसरं कारण. शस्त्रक्रियेत जेली काढावी लागली, तर तिच्या जागी वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. दोन्ही कामचलाऊ. तेल बहुधा पुन्हा काढावं लागतं. वायू उंचावर फुगतो. आमच्या पिंजौरवरूनच शिमल्याचा रस्ता जातो. पिंजौर साधारण ५५० मीटरवर, शिमला २,२०० मीटरवर. एवढ्या चढाईत वायू सुमारे एक पंचमांश वाढू पाहतो, डोळ्यातला दाब चढतो, नजर जाऊ शकते. म्हणून वायू पूर्ण विरेपर्यंत विमान नाही, घाट नाही. जेलीसारखंच वागणारं काही बनवायचं, तर आधी मूळ जेलीचे आकडे हवेत.

तोवर आपल्या हातात एकच गोष्ट. अचानक ठिपक्यांचा पाऊस, विजेच्या रेघा किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं दिसलं, तर डोळा दुखत नाही म्हणून थांबू नका. पटल सुटताना दुखत नाही. चष्म्याचा नंबर मोठा असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर जास्तच जपा. त्याच दिवशी बाहुली मोठी करून तपासून घ्या.

जय हिंद.