नातवाची खिचडी आणि जबड्याचा सांधा

मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं, तेवढाच माझा अधिकार.

आधी एक करा. दोन्ही कानांच्या जरा पुढे बोटं ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. हलतोय तो जबड्याचा सांधा. माझा ‘कट्’ वाजतो. सीमेवरच्या थंडीत रात्रभर दात खायची सवय लागली होती, तिचाही त्यात वाटा असावा, असं दंतवैद्य म्हणाले.

माझा नातू सहा वर्षांचा. खिचडी मिक्सरमधून काढलेली, ब्रेडच्या कडा कापलेल्या, सफरचंद किसलेलं. मी म्हटलं, “सूनबाई, याच्या दातांना आत्ताच पेन्शन?” ती म्हणाली, “बाबा, पोटात तरी जातं.” मग मी वाचायला बसलो.

जन्मतः या सांध्याची खोबण जवळजवळ सपाट असते. दात येतात, चावणं सुरू होतं, तसतसा तिला आकार येतो. जबड्याच्या गोल माथ्यावर कूर्चा असते. हातापायांत आधी कूर्चा, मग तिचं हाड होतं. इथे उलटं, आधी हाड आणि मग त्यावर कूर्चा. म्हणून ती दुय्यम. अशी कूर्चा कोंबडीच्या पिल्लातही असते. अंड्यातच त्याचे स्नायू लुळे केले, तर पायांतली कूर्चा तयार होते, ही दुय्यम कूर्चा मात्र होतच नाही. हालचालीचा हुकूम आल्याशिवाय ती कामावर रुजूच होत नाही म्हणा ना!

वाढत्या वयाच्या उंदरांना तोच आहार, काहींना कडक गोळ्या आणि काहींना भुकटी करून, दिला गेला. भुकटीवाल्यांची कूर्चा पातळ राहिली, माथाही लहान. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण आमची खिचडी भुकटीच्याच जातीची होती.

म्हणून लगेच सुपारी फोडायला लावू नका. अति दाबानं सांधा झिजतो, माझा ऐकलात ना? रंगरुटाला पहिल्याच दिवशी पूर्ण पिट्ठू देत नाहीत. आणि चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे अजिबात नकोत, घशात अडकतात.

आमच्याकडे आता भाकरी, गाजर, पेरू सुरू झालंय. पहिल्या दिवशी अर्ध्या भाकरीला पंचवीस मिनिटं लागली. “आजोबा, गाल दुखतात,” तो म्हणाला. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याही ताटात अर्धी भाकरी उरली होती.