स्पिट्झर यांचा स्टेलरेटर

मार्च १९५१ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष हुआन पेरॉन यांनी जाहीर केलं, की आमच्याकडे अणुसंमीलनाची ऊर्जा काबूत आली आहे. दावा फोल निघाला. पण ती बातमी ऐकून प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर विचारात पडले. ते स्कीइंगसाठी अ‍ॅस्पेनला गेले होते. डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यात बसल्या बसल्या एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता: कोट्यवधी अंश तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, ठेवायचा कशात?

ताऱ्यांमध्ये हे काम गुरुत्वाकर्षण करतं. इथे मात्र भिंतीला टेकला की प्लाझ्मा निवतो, म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरायचं. सरळ नळीतून तो दोन्ही टोकांनी निसटतो. नळी वाकवून कडं केलं, तर आतल्या बाजूला क्षेत्र प्रबळ आणि बाहेरच्या बाजूला क्षीण होतं. मग आयन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांच्या उलट दिशांना, वर-खाली सरकतात, आणि त्यातून उठलेलं विद्युतक्षेत्र अख्खा प्लाझ्मा भिंतीवर ढकलतं. स्पिट्झरांनी नळीला पीळ देऊन इंग्रजी आठाच्या आकड्याचा आकार दिला; हाच स्टेलरेटर. एका वळणावर वर सरकलेला कण दुसऱ्या वळणावर खाली येतो. नुसत्या आकाराने केलेली ही सोडवणूक मला आजही फार देखणी वाटते.

अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने त्याच वर्षी ५०,००० डॉलर दिले. स्पिट्झर गिर्यारोहक, प्रकल्पाला शिखराचं नाव पडलं, मॅटरहॉर्न. चढण मात्र अंदाजापेक्षा अवघड निघाली. प्लाझ्मा गळतच राहिला. १९६८ मध्ये टोकामॅक या सोव्हिएत यंत्राने बाजी मारली आणि प्रिन्स्टनने आपल्या ‘मॉडेल सी’ स्टेलरेटरचाच टोकामॅक करून टाकला.

याला हार म्हणणं मला पटत नाही. टोकामॅकमध्ये प्लाझ्मातूनच जबर विद्युतप्रवाह वाहावा लागतो; तो एकाएकी तुटला तर यंत्राला हादरा बसतो. स्टेलरेटरला त्याची गरज नाही, बाहेरची वेटोळीच क्षेत्राला पीळ देतात. ती नेमकी कशी वळवायची, हे गणित सुटायला मात्र मोठ्या संगणकांची वाट पाहावी लागली. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला २०१५ मध्ये ‘वेंडेलश्टाइन ७-एक्स’ हा स्टेलरेटर सुरू झाला, त्यात अशी ५० पिळदार वेटोळी आहेत.

स्पिट्झर १९९७ मध्ये गेले. १९४६ मध्ये त्यांनी मांडलेली अवकाश दुर्बिणीची कल्पना ‘हबल’च्या रूपाने त्यांच्या हयातीत साकार झाली. स्टेलरेटरला जास्त वेळ लागला. वीज अजून दूर आहे, पण २०२३ मध्ये ग्राइफ्सवाल्डच्या यंत्राने प्लाझ्मा सलग ८ मिनिटं धरून ठेवला.