युती तुटते ती कशावरून?



आजच्या विषयात जर्मनी आहे म्हटल्यावर काहींनी घड्याळाकडे पाहिलं. काळजी नको. एरफुर्टला जाऊन मी लगेच अमरावती आणि अकोल्यात परत येणार आहे.

एरफुर्ट ही थुरिंगिया या जर्मन राज्याची राजधानी. तिथे 1 सप्टेंबर 2024 ला निवडणूक झाली. विधानसभा 88 जागांची. सर्वांत मोठा पक्ष ठरला अतिउजवा एएफडी, 32 जागांचा, आणि त्याच्यासोबत बसायला कोणीच तयार नव्हतं. मग ख्रिश्चन डेमोक्रॅट 23, सारा वागनक्नेष्त यांचा वर्षभरही न झालेला पक्ष 15 आणि सोशल डेमोक्रॅट 6 असे तिघे एकत्र आले. बेरीज 44. म्हणजे बरोबर निम्मे, बहुमताला एक कमी! आपल्याकडे अशा वेळी त्या एकासाठी काय काय झालं असतं, याची कल्पना तुम्हाला आहेच.

तिकडे काय झालं? तीन महिने बोलणी झाली. शंभरावर पानांचा करार लिहिला गेला आणि आपापल्या पक्षात मंजूर करून घेतला गेला. त्यात युक्रेन युद्ध आणि अमेरिकन क्षेपणास्त्रांवर काय लिहायचं यावरून वागनक्नेष्त आणि त्यांच्याच पक्षाच्या थुरिंगियातल्या नेत्या कात्या वोल्फ यांच्यात उघड वाद झाला. क्षेपणास्त्रं कुठे ठेवायची हे राज्य सरकारच्या हातात नाही, तरी वाद झाला, आणि तो छापून आला. 12 डिसेंबरला गुप्त मतदानात मारिओ फोइग्त यांना 51 मतं पडली आणि ते पहिल्याच फेरीत मुख्यमंत्री झाले. सात मतं तरी विरोधी बाकांवरून आली असणार. हॉटेलं मात्र कोणी बुक केली नव्हती.

त्याच दिवसांत आपल्याकडे काय चाललं होतं? 23 नोव्हेंबरला निकाल लागला. भाजप 132, शिंदे यांची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. बहुमत 145 चं, इथे तर ओसंडून वाहत होतं. तरी शपथविधीला 5 डिसेंबर उजाडला, आणि तोही फक्त तिघांचा. बाकीच्या मंत्र्यांनी 15 तारखेला नागपूरला शपथ घेतली, दुसऱ्या दिवशी अधिवेशन सुरू झालं आणि सबंध अधिवेशन बिनखात्याच्या मंत्र्यांनी चालवलं. खाती जाहीर झाली 21 तारखेला, अधिवेशन संपल्यावर. पालकमंत्री ठरायला जानेवारी निघाला. मंत्रिमंडळात अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतलं एकही नाव नव्हतं. अमरावतीला कामठीचे बावनकुळे मिळाले, अकोल्याला खामगावचे फुंडकर.

वेळ दोन्हीकडे गेला. तिकडचा कशात गेला ते वाचायला मिळालं, इकडचा कशात गेला ते कळायला मार्ग नाही. आपल्याकडे साध्या सोयरिकीतसुद्धा आधी याद्या होतात, मग अक्षता पडतात. राज्य चालवायला घेताना मात्र यादी विचारणं असभ्यपणाचं.

आता कोणी म्हणेल, कागदाचं काय कौतुक? हा प्रश्न वऱ्हाडाने विचारावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. 8 ऑगस्ट 1947, स्वातंत्र्याला आठवडा बाकी असताना, इथे अकोल्यात करार झाला. एका प्रांतात दोन उपप्रांत, दोन विधिमंडळं, दोन मंत्रिमंडळं अशी ती कल्पना. ती कागदावरच राहिली. 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासोबत आपल्याकडचे गोपाळराव खेडकर, रामराव देशमुख यांच्या सह्या त्यावर आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या आणि वर्षाला एक अधिवेशन नागपुरात, असं त्यात होतं. अधिवेशन मिळालं. नोकऱ्यांचं आणि सिंचनाच्या अनुशेषाचं काय झालं, ते या सभागृहात नव्याने सांगायला नको. पण एक बघा. सत्तर वर्षांनंतरही आपण भांडतो ते त्या कागदाचा दाखला देऊन. तोंडी शब्द दिला असता तर भांडायलाही काही उरलं नसतं.

तिकडचाही कागद फाटतो. बर्लिनमध्ये 2021 साली तीन पक्षांनी 177 पानांचा करार केला आणि 6 नोव्हेंबर 2024 ला चॅन्सलर शोल्झ यांनी अर्थमंत्र्यांना काढून टाकलं. युती संपली. कशावरून? अर्थसंकल्प आणि कर्जमर्यादा. पुढच्या निवडणुकीत मतदाराला भांडणाचा विषय ठाऊक होता. कराराने सरकार वाचत नाही. ते कशावरून पडलं हे कळतं, आणि मला त्याची किंमत सरकार वाचण्याहून जास्त वाटते.

आता 2019 कडे या. त्या वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या आठ जागांवर काँग्रेसचे तीन, प्रहारचे दोन, स्वाभिमानीचा एक, अपक्ष एक आणि भाजपचा एक असे आमदार निवडून आले. जिल्हाच त्रिशंकू! अकोल्यात पाचपैकी चार भाजपचे आणि बाळापूरचे नितीन देशमुख शिवसेनेचे. मुंबईत पहाटेचा शपथविधी झाला, तो चौथ्या दिवशी मोडला आणि 28 नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. त्या दिवशी तीन पक्षांनी किमान समान कार्यक्रम जाहीर केला. चार-दोन पानांचा असेल, पण त्यातली दोन कलमं लोकांनी डोळ्यांनी पाहिली: दोन लाखांपर्यंतची पीककर्जमाफी आणि दहा रुपयांची शिवभोजन थाळी. लिहिलेलं होतं म्हणून मोजता आलं.

त्या सरकारात तिवशाच्या यशोमती ठाकूर मंत्री झाल्या, अचलपूरचे बच्चू कडू राज्यमंत्री आणि अकोल्याचे पालकमंत्री झाले. 2022 च्या जूनमध्ये शिंदे यांच्या बंडात कडू त्यांच्याबरोबर गुवाहाटीला गेले. नितीन देशमुख सुरतेहून परत आले आणि आपल्याला जबरदस्तीने नेलं होतं असं त्यांनी सांगितलं. सरकार कशावरून पडलं? हिंदुत्व, निधी, भेट मिळत नव्हती, अपमान झाला. जितके आमदार तितकी कारणं. किमान समान कार्यक्रमातल्या एकाही कलमाचं नाव मी तेव्हा कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

कडूंवर टीका करणं सोपं आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. डिसेंबर 2022 मध्ये राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला. ती मागणी कडूंची होती. दोन आमदारांच्या पक्षाने सत्तेच्या सौद्यात असं काही मिळवलं असेल तर मला तो सौदा वाईट वाटत नाही. फक्त तो गुवाहाटीच्या हॉटेलात, तोंडी, एका माणसाच्या वजनावर व्हायला नको होता. माणसाचं वजन उतरतं. 2024 ला कडू पडले, यशोमतीताईही पडल्या.

आणि मग जून 2025. याच कडूंना कर्जमाफीसाठी गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसावं लागलं. कर्जमाफीचं आश्वासन निवडणुकीत महायुतीनेच दिलं होतं. पण तिन्ही पक्षांनी मिळून सही केलेला, तारीख घातलेला कागद नव्हता. त्यामुळे कोणी म्हणालं योग्य वेळी, कोणी म्हणालं पैसा नाही, कोणी म्हणालं मी बोललोच नव्हतो. तिघांतल्या कोणाला जाब विचारायचा, हे मोझरीच्या मांडवातल्या शेतकऱ्याला कोणी सांगू शकलं नाही.