डिशवॉशर बसवायला आलेला संगीतकार

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आपल्याच सभासदांनी एकेका विषयावर बोलायचं, असा उपक्रम कमिटीने राबवला. त्यातल्या एका व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



नोटीस बोर्डावर माझा विषय लागला, ‘पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एक समकालीन रचनाकार’. त्या दिवशी लिफ्टमध्ये दोघांनी मला विचारलं, ‘चहा व्याख्यानाच्या आधी आहे की नंतर?’ त्यांची भीती मला समजते. म्हणून संगीतापासून सुरुवात करत नाही. आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याच्या विषयापासून करतो. प्लंबिंग!

न्यूयॉर्कमधली गोष्ट आहे. रॉबर्ट ह्यूज नावाचे ‘टाइम’ साप्ताहिकाचे मोठे कलासमीक्षक होते. त्यांच्या घरी डिशवॉशर बसवायला प्लंबर आला. ह्यूजसाहेबांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि ते चक्रावलेच. ओट्याखाली पाइप जोडत बसलेल्या माणसाला ते ओळखत होते. तुम्ही तर कलावंत आहात, तुम्ही इथे काय करताय, असं ते म्हणू लागले. त्या माणसाने सांगितलं, कलावंत आहेच, पण अधूनमधून प्लंबरही असतो. आता मला काम पुरं करू द्या.

हा प्लंबर म्हणजे फिलिप ग्लास. आज जगातल्या सर्वांत नावाजलेल्या रचनाकारांमध्ये त्यांची गणना होते.

आडनाव ग्लास असलं तरी घरात काचेचा धंदा नव्हता. जन्म 31 जानेवारी 1937 चा, अमेरिकेत बाल्टिमोर शहरात. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं आणि रेकॉर्ड विक्रीचं दुकान. ज्या रेकॉर्ड खपत नसत त्या वडील घरी आणून रात्री ऐकत बसायचे. का खपत नाहीत ते समजावं म्हणून! ऐकता ऐकता तेच संगीत त्यांना आवडू लागलं आणि मुलाच्याही कानावर पडलं. आई शाळेत ग्रंथपाल. मुलगा संगीत शिकायला न्यूयॉर्कला जायचं म्हणाला, तेव्हा आईने काकांचं उदाहरण दिलं. ते ड्रम वाजवायचे. त्यांच्यासारखं गावोगाव फिरत हॉटेलात दिवस काढशील, असं तिचं म्हणणं. म्हणजे आईवडिलांची काळजी बाल्टिमोरला काय आणि आपल्या बी विंगला काय, सारखीच.

हा मुलगा पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठात गेला, गणित आणि तत्त्वज्ञान शिकला. मग पोलादाच्या कारखान्यात काही महिने काम करून पैसे साठवले आणि न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या प्रसिद्ध संगीतशाळेत दाखल झाला. 1964 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकायला गेला. या बाई म्हणजे शिस्तीचा कळस. आपल्याकडे जुने गुरुजी वर्ष वर्षभर एकच पलटा घोटून घ्यायचे, तसला प्रकार.

आता यात आपण कुठे येतो ते सांगतो. पॅरिसमध्ये ‘चापाक्वा’ नावाच्या चित्रपटाचं संगीत पंडित रविशंकर करत होते. वाजवणारे फ्रेंच वादक होते आणि त्यांना कागदावर लिहिलेलं लागे. ते लिहून द्यायचं काम ग्लास यांना मिळालं. त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे उभ्या रेघा मारून सुरांचे तुकडे पाडले. वादकांनी वाजवलं की तबल्यावर बसलेले उस्ताद अल्लारखाँ मान हलवायचे. बरोबर नाही! रेघा इकडे सरकवल्या, तिकडे सरकवल्या, तरी नाहीच. नको तिथे जोर पडत होता. खाँसाहेब एकच सांगत होते, सगळे स्वर सारखे आहेत. शेवटी वैतागून ग्लास यांनी सगळ्या रेघा खोडून टाकल्या, आणि समोर एक लांब, अखंड ओळ राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं की सोळा मात्रांचं एक चक्र फिरतंय. आपण मात्रा मोजून समेवर येतो तसं.

मी लहानपणी तबला शिकलो. क्लासमध्ये अल्लारखाँसाहेबांचं नाव कानाची पाळी धरून घ्यायचे. त्यांच्या एका नकारातून तिकडे एका माणसाचं संगीत बदललं, हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

ग्लास न्यूयॉर्कला परतले आणि त्यांनी वेगळंच काही लिहायला घेतलं. समजा पाच सुरांची एक छोटी ओळ आहे. ती पुन्हा पुन्हा वाजवायची. मग एक सूर वाढवायचा, सहा. मग सात, आठ. मग हळूहळू कमी करत यायचं. ज्यांनी तबल्याचा कायदा आणि त्याचे पलटे ऐकलेत त्यांना यात परकं काही वाटणार नाही. त्यांची 1968 मधली एक रचना तर चक्क टेबलावर हाताने वाजवायची आहे. टेबलाला मायक्रोफोन लावलेला, बस्स. आपण शाळेत बाकावर हेच करून छड्या खाल्ल्या!

लोकांना हे आवडलं का? त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात त्यांचा कार्यक्रम झाला. श्रोते सहा. त्यांत एक त्यांची आई, खास बाल्टिमोरहून आलेली. पुढे अ‍ॅमस्टरडॅमला एक चिडलेला श्रोता सरळ मंचावर चढला आणि पियानोवर हात आपटू लागला. ग्लास यांनी एका हाताने त्याला ठोसा दिला आणि दुसऱ्या हाताने वाजवत राहिले. आपल्याकडे लोक फार तर भिंतीवर ठोकतात.

मग पोट कसं भरायचं? त्यांनी नातेवाइकाबरोबर सामान हलवायचा धंदा केला. प्लंबिंग शिकले. पुढे टॅक्सी चालवली, रात्रपाळीची. टॅक्सी लावून मध्यरात्रीनंतर घरी यायचं, पहाटेपर्यंत लिहायचं, मुलांना शाळेत सोडायचं, मग झोपायचं. साथीदारांना मात्र दर कार्यक्रमाची बिदागी देत. ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा त्यांचा ऑपेरा याच काळात झाला. रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर केलेला हा ऑपेरा जवळजवळ पाच तासांचा, मध्यंतर नाही. बाहेर जायचं त्याने जावं आणि परत यावं. (आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेसारखं.) नोव्हेंबर 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्याचे प्रयोग झाले. तिकिटं संपली. आई याही वेळी आली होती. आठ वर्षांपूर्वी ती सहा जणांत बसली होती, आता हजारोंमध्ये.

आणि त्यानंतर? डोक्यावर कर्ज, म्हणून पुन्हा टॅक्सी. एका प्रवासी बाईंनी गाडीत लावलेल्या परवान्यावरचं नाव वाचून म्हटलं, तुमचं नाव एका फार प्रसिद्ध संगीतकाराचं आहे, माहीत आहे का?

केवळ संगीतावर घर चालू लागलं तेव्हा ते 41 वर्षांचे होते. नेदरलँड्समधून नव्या ऑपेराचं काम आलं, आणि त्यांनी विषय निवडला गांधीजींचा. ‘सत्याग्रह’, पहिला प्रयोग 1980, रॉटरडॅम. गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, टॉल्स्टॉय फार्म, ‘इंडियन ओपिनियन’, न्यूकॅसलचा मोर्चा. तीन अंकांवर टॉल्स्टॉय, रवींद्रनाथ आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची छाया. आणि गायचे शब्द? सगळे भगवद्गीतेतले, मूळ संस्कृतात.

2011 च्या नोव्हेंबरमध्ये मी मुलाकडे अमेरिकेत होतो. मेट्रोपॉलिटनमधला ‘सत्याग्रह’चा प्रयोग थेट सिनेमागृहांत दाखवणार होते. सून म्हणाली, ‘बाबा, संस्कृत आहे, तुम्हाला कळेल.’ गेलो. वर्तमानपत्रांच्या कागदाचे भलेमोठे पुतळे रंगमंचावर फिरत होते. पहिल्या अंकात मी दोनदा डुलकी काढली, खोटं कशाला सांगू. पण शेवट आला. गांधीजी एकटे उभे. गीतेच्या चौथ्या अध्यायातले श्लोक. आणि सूर कसले? फक्त एक सरळ आरोह, खालच्या षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत. ऋषभ, गंधार, धैवत, निषाद कोमल. म्हणजे आपल्या भैरवीचेच स्वर! तोच आरोह पुन्हा, पुन्हा, तीसेक वेळा. ग्लास यांनी ‘भैरवी’ म्हणून लिहिलेला नाही, त्यांच्याकडे त्या स्वरपंक्तीला वेगळं नाव आहे. पण मैफल कशाने संपवायची हे ज्याला लहानपणापासून माहीत आहे, त्या माणसाचं काय होणार? मी अंधारात मांडीवर ठेका धरला होता आणि डोळे पुसत होतो.

आता माझं सांगतो. अकरावीत असताना मी वडिलांना म्हटलं होतं, तबलाच करायचाय. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘पोटाचं काय?’ मी बँकेत लागलो. 36 वर्षं नोकरी केली, आणि प्रत्येकाला सांगत आलो, नोकरीमुळे तबला राहून गेला. त्या दिवशी सिनेमागृहातून बाहेर पडताना कळलं की हे खरं नाही. माझी नोकरी दहा ते साडेपाच होती. रात्रपाळीही नव्हती. तबला नोकरीने सोडवला नाही, मी सोडला. मला वाटायचं, करायचं तर पूर्णवेळ, नाहीतर कशाला? सहा माणसांपुढे वाजवायची माझी तयारी नव्हती.

परत आल्यावर माळ्यावरून तबला काढला. शाई तडकलेली, वाद्या सैल. पुडी बदलून आणली. आता रोज तासभर बसतो. बोटं ऐकत नाहीत, तिरकिट तर अजून अडखळतं. माझं काही व्हायचं नाहीये. पण बसतो.

दोन गोष्टी कबूल करून थांबतो.

पहिली आपल्या प्लंबरमामांबद्दल. गेल्या गणपतीत भजनाला पखवाज वाजवणारा आला नाही. मामा टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला आले होते. हात धुऊन आले, आणि पखवाजावर असे बसले की मंडपातलं बोलणं थांबलं. गावच्या भजनी मंडळात ते लहानपणापासून वाजवतात. अठरा वर्षं ते माझ्या घरी येतायत. मी त्यांना ‘गळती थांबली का?’ याखेरीज काही विचारलेलं नव्हतं. ह्यूजसाहेबांनी निदान ओळखलं तरी.

दुसरी जास्त अवघड आहे. तीन वर्षांपूर्वी सी विंगमधल्या एका मुलाने ड्रम आणले. त्याच्याविरुद्ध कमिटीकडे तक्रारीचं पत्र गेलं. त्यावर सात सह्या होत्या. चौथी माझी. आवाज होत होता हे खरं, परीक्षेचे दिवस होते हेही खरं. पण तोपर्यंत मी ‘सत्याग्रह’ पाहून आलो होतो, आणि स्वतः रोज तबला बडवत होतो. माझ्याविरुद्ध कुणी पत्र दिलं नाही, कारण मी म्हातारा आहे आणि आपल्याकडे तबला म्हणजे संस्कार. त्या मुलाचे ड्रम दोन महिन्यांत विकले गेले.

तो आज इथे आहे का, मला दिसत नाही. असेल तर, बाळा, माझं चुकलं. येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे की हा हॉल रोज संध्याकाळी पाच ते सात रियाजासाठी मोकळा ठेवावा. गाणं, वाद्य, नाच, काहीही. खिडक्यांना जाड पडदे लावायचा पहिला खर्च मी देतो. सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे.

चहा तयार आहे असं सेक्रेटरीसाहेब खुणावतायत.